विमा सोडणाऱ्यास दरमहा तीनशे

ऑरिन झास्ट्रोने मार्लिसला लग्नाचं विचारलं ते तळलेल्या माशांच्या ताटावर, आणि विचारताना मनातलं सोडून बाकी सगळं बोलला. विम्याचा हप्ता बोलला, सह्या कधीपर्यंत द्यायच्या ते बोलला, कारखाना महिन्याला काय देणार तेही बोलला. माणूस एकसष्ट वर्षांचा. सगळा जन्म चर्चसाठी लाकडी बाकं बनवण्यात गेलेला. कुठल्या सांध्याला किती सरस लावायचा हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण मनातलं बोलायची वेळ आली की त्याचं घोडं अडायचं.

एकट्या त्याचाच दोष म्हणता यायचा नाही. विस्कॉन्सिनच्या आमच्या या सरोवराकाठच्या गावात स्वतःसाठी काही मागायची लोकांना लाज वाटते. शेजाऱ्याची शिडी हवी असेल तर माणूस आधी हवेबद्दल बोलेल, मग हरणांबद्दल, आणि मग म्हणेल, "तुझी शिडी नुसती पडून असेल ना? म्हटलं, जरा वापरात राहील." म्हणजे उपकार करायचा तो शिडी नेणाऱ्यानेच. ऑरिनला वाटलं, लग्नाचंही असंच विचारतात.

त्याआधी घडलं होतं ते असं. गेल्या फेब्रुवारीत कारखान्यात रंधा मारता मारता ऑरिन छाती धरून खाली बसला. बर्फाचं वादळ नुकतंच ओसरलेलं, रस्ते बंद. शेवटी हेलिकॉप्टर आलं आणि त्याला मिल्वॉकीच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेलं. तिथे छाती उघडून बायपास झाली आणि उन्हाळा लागेपर्यंत गडी कामावर परतला. कारखान्यातल्या लोकांनी पहिल्या दिवशी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवसापासून चेष्टा सुरू केली. काय ऑरिन, वरून आपलं गाव कसं दिसतं? खिडकीची जागा मिळाली होती ना? तोही हसायचा. आमच्याकडे ज्याची चेष्टा होत नाही त्याने काळजी करावी.

ऑक्टोबरात विम्याचा नवा हप्ता कळला आणि चेष्टेतला गोडवा गेला. कारखाना तीसेक माणसांचा. मालक लाइल हिंट्झ याने मागे स्वस्त पडतो म्हणून असा विमा घेतला होता, की आपल्याच माणसांचा यंदा दवाखान्यात जेवढा खर्च झाला त्यावर पुढच्या वर्षीचा हप्ता ठरायचा. सगळे धडधाकट असले की चैन. एकजण पडला की सगळ्यांच्या पगाराला कात्री. नाव कुणी घेतलं नाही, पण हेलिकॉप्टर सगळ्यांनीच पाहिलं होतं. पॉलिशच्या खात्यातली क्रिस्टल, जिचं बाळ अजून रांगतही नव्हतं, ती आकडा बघून नुसतं "बरं" म्हणाली आणि ब्रश उचलून कामाला लागली. बुच मात्र तोंडावर बोलणारा. तो म्हणाला, "पुढच्या वेळी बसने जा रे बाबा." सगळे हसले, ऑरिनही हसला. पण त्या दिवसापासून दुपारचा डबा तो बाहेर आपल्या गाडीत बसून खाऊ लागला.

नोव्हेंबर लागला आणि जेवणाच्या खोलीत एक कागद चिकटवला गेला. ज्यांना नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीतून विमा मिळू शकतो त्यांनी कारखान्याचा विमा सोडावा, सोडणाऱ्यास दरमहा तीनशे डॉलर मिळतील. सह्या हरणांच्या शिकारीच्या आदल्या शुक्रवारपर्यंत द्याव्यात. हा शुक्रवार मुद्दाम धरलेला. शिकार सुरू झाली की आठवडाभर अर्धं गाव जंगलात असतं आणि त्यांच्याकडून सही तर सोडाच, फोनला उत्तरही मिळत नाही.

तीनशे म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. ज्यांच्या बायका शाळेत, टपालखात्यात, काउंटीच्या कचेरीत होत्या त्यांनी त्याच दिवशी सह्या ठोकल्या. मालकाचं गणितही सरळ होतं. जेवढी डोकी कमी तेवढा बोजा कमी, आणि त्यातलं एक ठरावीक डोकं कमी झालं तर देवच पावला.

लाइलने ऑरिनला कचेरीत बोलावून दार लोटून घेतलं. दोघं पहिलीपासूनचे सोबती. लाइलच्या बापाने कारखाना काढला आणि ऑरिन शाळा संपवून तिथेच चिकटला. शिकारीला दोघं आजवर एकाच ट्रकमधून गेलेले, एकाच झोपडीत घोरलेले. लाइल काही दुष्ट माणूस नव्हे. दुष्ट असता तर ऑरिनला सोपं गेलं असतं.

लाइल बराच वेळ खिडकीबाहेर बघत हवेबद्दल बोलला. मग म्हणाला, की हा हप्ता असाच राहिला तर पुढच्या वर्षी त्याला विमाच बंद करावा लागेल, सगळ्यांचा. ऑरिनने विमा सोडला तर तो त्याला तीनशे नाही, पाचशे देईल. हे दोघांतच राहू दे.

"सोडून जाऊ कुठे? मला बायको कुठाय?" ऑरिन म्हणाला.

"मार्लिस आहे की. चार वर्षं तिच्याबरोबर मासे खातोयस, लेका. अजून काय खायचं राहिलंय? शाळेचा विमा म्हणजे सोनं. कोर्टात जा, दोन सह्या करा, मोकळे व्हा. तुझं भलं, तिला सोबत, आणि इथली पोरं तुझं नाव काढतील."

ऑरिन मान खाली घालून ऐकत होता, पण मनातून हरखला होता. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती अशी. मार्लिसला विचारायचं त्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं. गाडी चालवताना तो एकटाच मोठ्याने सराव करायचा आणि सिग्नलला शेजारी कुणी आलं की रेडिओबरोबर गातोय असं दाखवायचा. अडत होतं ते एवढ्यावरच, की विचारायला काही कारण नव्हतं. मला हवी आहेस, हे काही कारण होत नाही. निदान आमच्या गावात तरी नाही. आणि आता लाइलने असं कारण हातात दिलं होतं की ज्यात सगळ्या कारखान्याचं भलं.

मार्लिस थेलन अठ्ठावन्न वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य. दोनशे पोरांना दुपारचं जेवण घालणारी, आवाज तसाच खणखणीत. नवरा रोली जाऊन सहा वर्षं झालेली. बुधवारी चर्चच्या तळघरात पत्त्यांचा डाव असायचा, तिथे ऑरिनची आणि तिची जोडी जमली आणि पुढे दर शुक्रवारी सरोवराकाठच्या खानावळीत दोघांचं मासे खाणं सुरू झालं. ज्याचं बिल त्याने द्यायचं, ज्याची गाडी त्याने न्यायची. जेवण झाल्यावर दोघं गाड्यांशी उभं राहून थंडीत अर्धा तास बोलायची, आणि मग आपापल्या घरी जायची.

त्या शुक्रवारी ऑरिनने पर्च माशाचा पहिला तुकडाही न मोडता सगळं सांगून टाकलं. मार्लिसने मध्ये अडवलं नाही. कोबीची कोशिंबीर खात ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर तिने ब्रँडीचा पेला बाजूला केला.

"ही कल्पना कुणाची?"

"लाइलची," ऑरिन म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"आणि तुला काय मिळणार?"

"पाचशे."

"कागदावर तीनशे लिहिलंय. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला जास्त देतोय तो."

"का?"

ऑरिनने पावाला लोणी लावायला घेतलं. एका बाजूला लावून झालं, मग दुसऱ्या बाजूला. मार्लिसने त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग होता तो त्याच्यावर किती आणि दुसऱ्या कशावर किती हे त्याला उमगेना. ती उठून गेली नाही. आमच्याकडे ताटात मासा टाकून कुणी उठत नाही. तिने शेवटचा तुकडा खाल्ला, हात पुसले, आपले पैसे टेबलावर ठेवले.

"ऑरिन, मी एकदा झालेय एका माणसाचा विमा," ती कोट घालत म्हणाली. "पुन्हा व्हायची नाही."

गाड्यांशी उभं राहणं त्या दिवशी झालं नाही.

पुढचा आठवडा ऑरिनने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. बुधवारी मार्लिस पत्ते खेळायला आली नाही. तिच्या जागी पाद्रीबाईंना बसवलं, आणि त्यांना हुकूम कुठला तेही लक्षात राहीना. लोक विचारत होते, मार्लिस बरी आहे ना? ऑरिन म्हणे, असेल. कारखान्यात लाइल येता-जाता खांद्यावर हात ठेवत होता, विचारलंस का, काय म्हणाली. ऑरिन म्हणे, विचार करतेय. त्याला एकच वाक्य छळत होतं. माणसाचा विमा झालेय म्हणजे काय? रोलीला रक्ताचा कॅन्सर होता आणि मार्लिसने त्याची सेवा केली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अंत्यविधीला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं असं तेव्हा जो तो म्हणाला होता, ऑरिनही म्हणाला होता.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर त्याने तिचं काचेचं मोठं भांडं शोधून काढलं. आजारपणात तिने त्यातून बटाट्याचं काहीतरी पाठवलं होतं, ते परत द्यायचं राहिलंच होतं. रिकामं भांडं परत द्यायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून त्यात हरणाच्या मांसाचे सॉसेज ठेवले आणि तिच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दार उघडलं गेलं, भांडं आत गेलं, आणि जरा वेळाने त्यालाही आत घेतलं गेलं.

मार्लिसने कॉफी ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून बोलायला लागली. रोलीचं आणि तिचं पटत नव्हतं. भांडणही नव्हतं, नुसतं संपलं होतं. वेगळं व्हायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं, वकिलाची वेळसुद्धा घेतली होती. आणि त्याच आठवड्यात त्याच्या रक्तात ते सापडलं. रोली छपरं शाकारायची कामं करायचा, त्याला कुठला विमा? औषधाची एक बाटली म्हणजे एका गायीची किंमत. तिच्या शाळेच्या विम्यावर तो नवरा म्हणून होता, आणि नवरा असेपर्यंतच राहणार होता. मग कसलं वेगळं व्हायचं? वकिलाला फोन करून नको म्हणून कळवलं.

"सात वर्षं," ती म्हणाली. "तो वरच्या खोलीत, मी खालच्या. माणूस वाईट नव्हता रे. वाईट असता तर बरं झालं असतं. रोज सकाळी मी कॉफी द्यायची आणि तो कप घेताना मला थँक यू म्हणायचा. एक दिवस चुकला नाही. बायकोला कुणी असं म्हणतं? बँकेतल्या बाईला म्हणतात. शेवटी शेवटी मला कॉफी करायची भीती वाटायला लागली होती."

ऑरिनला आता उमगलं. या बाईने एवढी वर्षं हे गिळून ठेवलं आणि आपण तिच्यापुढे काय मांडलं, तर तेच ताट, नुसता नवरा बदलून.

"मी नाही म्हणणार थँक यू," तो म्हणाला.

"तू? तू तर दुप्पट म्हणशील. आत्ताच सगळ्यांना म्हणत सुटलायस. लाइलला म्हणतोयस, क्रिस्टलला म्हणतोयस. गाडीत बसून डबा खातोस तेही त्यातलंच."

ते तिला कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. क्रिस्टलची आई शाळेच्या स्वयंपाकघरातच भाज्या चिरायला होती.

"माझ्यामुळे त्या पोरीचा पगार कापला जातोय, मार्लिस. तान्हं मूल आहे तिला. मी तिच्यासमोर बसून सँडविच कसं खाऊ?"

मार्लिस आता वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"लाइलच्या बायकोला, जोअनला, छातीचा कॅन्सर झाला होता तेव्हाही तुमचा हप्ता वाढला होता. तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा लाइलला कुणी गाडीत जेवायला बसवलं? तेव्हा तू घोड्यासारखा धडधाकट होतास आणि एवढी वर्षं तुझ्या पगारातून कुणाकुणाचं दुखणं निघालं. काढलास का कधी हिशोब? नाही काढलास, कारण तसा काढायचा नसतो. मग स्वतःची पाळी आली की लगेच चोरासारखं तोंड कशाला लपवायचं?"

ऑरिनने हे कधी मनातही आणलं नव्हतं. जोअनच्या वेळी हप्ता वाढला तेव्हा त्याने एक फुलझाड नेऊन दिलं होतं आणि विषय संपला होता.

"हे बघ," मार्लिस म्हणाली, "तुझा विमा तुझ्याजवळ ठेव. तिथे ताठ उभा राहा. आणि मग मला काही विचारायचं असेल तर ये. विचारण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटलं, तर तेही येऊन सांग. पण हे चार वर्षांचं गाड्यांशी उभं राहणं मला आता पुरे झालंय."

तिने त्याला कॉफी दिली. त्याने कप घेतला, आणि जिभेवर आलेला शब्द कसाबसा गिळला.

शुक्रवारी सकाळच्या सुट्टीत सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. विमा कंपनीकडून एक तरुण बाई आली होती, कागदांचा गठ्ठा आणि डोनटचे खोके घेऊन. कुणाचं लक्ष कागदांवर नव्हतं. उद्या पहाटे शिकार, त्यामुळे बंदुका, वारा, कुणाच्या रानात कुठल्या बाजूने हरणं उतरतात, हेच चाललेलं. ऑरिन दाराशी उभा होता. बायपासच्या आधी छातीत जे झालं होतं तसंच काहीसं होतंय असं त्याला वाटलं, पण ती नुसती भीती होती. तीस माणसांसमोर आपल्याबद्दल बोलायचं, हे त्याने जन्मात केलं नव्हतं.

लाइल त्याच्याजवळ आला. हळूच म्हणाला, "चल आत. तेवढं उरकून टाकू."

"इथेच बोल," ऑरिन म्हणाला.

लाइलला वाटलं ऑरिनने नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा आत चलण्याची खूण केली. तेव्हा ऑरिन जागचा न हलता मोठ्याने बोलला, आणि खोलीतलं हरणांचं बोलणं हळूहळू थांबलं.

"मी विमा सोडत नाहीये. हप्ता माझ्या दुखण्याने वाढलाय. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी जावं म्हणून लाइल मला पाचशे देत होता, तुम्हाला तीनशे. मला जायचं नाही. कुणाला राग असेल तर मला तोंडावर सांगा. पाठीमागे नको."

विम्याची बाई पेन खाली ठेवून लाइलकडे बघायला लागली. "मिस्टर हिंट्झ," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आजारी माणसाला वेगळा भाव देता येत नाही. कायद्यात बसत नाही ते." लाइलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ऑरिनच्या ओठांवर जोअनचं नाव तयार होतं. रात्री त्याने ते वाक्य पुन्हा पुन्हा घोकलं होतं. पण लाइलचं ते तोंड त्याने पाहिलं, तीस माणसांसमोर उघडं पडलेलं, आणि ते वाक्य त्याने सोडून दिलं. जोअनने तरी काय गुन्हा केला होता?

आमच्याकडे असं कुणी मन उघडं केलं की लोकांना आपलेच कपडे काढल्यासारखं होतं. जो तो आपल्या बुटांकडे बघत होता. बुच उठला, कपात कॉफी भरून घेतली आणि ऑरिनकडे न बघता बाहेर निघून गेला. त्याच्यामागोमाग आणखी दोघं गेले. त्यांचं खरंच नुकसान होतं, आणि ते ऑरिनच्या चार वाक्यांनी भरून निघणार नव्हतं. हे त्यालाही समजत होतं.

मग क्रिस्टल म्हणाली, "ऑरिन, तो खोका जरा इकडे सरकव."

त्याने डोनटचा खोका उचलून तिच्याकडे नेला. तिने एक घेतला आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स काढून खाली ठेवली. ऑरिन तिथे बसला. ती बाळाच्या दातांबद्दल बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. कशाबद्दलही क्षमा मागावी लागली नाही.

काम सुटल्यावर लाइल त्याला गाड्यांच्या आवारात भेटला. बराच वेळ किल्ल्या हातात खुळखुळवत उभा राहिला.

"जोअनचं बोलणार होतास ना?"

"होतो."

"मग?"

ऑरिनने खांदे उडवले. लाइलने सरोवराकडे बघितलं, वारा उत्तरेचा आहे म्हणाला, उद्या हरणं वाऱ्याच्या आडोशाला बसतील म्हणाला. मग गाडीत बसताना म्हणाला, "उद्या तू तुझ्या गाडीने ये." आजवर ते कधी दोन गाड्यांनी गेले नव्हते. ऑरिनला ते छातीत लागलं. पण ये म्हणाला होता, येऊ नकोस म्हणाला नव्हता, आणि तेवढंच धरून ऑरिन निघाला.

तो खानावळीकडे वळलाच नाही. अंगावर भुसा तसाच होता. सरळ मार्लिसच्या घरी गेला, आणि या वेळी मागच्या नाही, पुढच्या दाराची घंटी वाजवली. पुढचं दार आमच्याकडे पाद्री आणि पोलीस यांच्यासाठी असतं, त्यामुळे मार्लिसने ते घाबरतच उघडलं.

"विमा ठेवला," तो म्हणाला.

"कळलं मला. दुपारीच कळलं."

"वारा उत्तरेचा आहे. उद्या हरणं..." एवढं बोलून तो थांबला. मार्लिस दाराला धरून वाट बघत होती. थंडी आत शिरत होती तरी तिने दार ना पुढे केलं ना मागे. ऑरिनने मनात चाचपून पाहिलं. पुढे करायला कुणाचा फायदा उरला नव्हता. कारखान्याचा नाही, लाइलचा नाही, तिचा तर नाहीच. एवढा रिकाम्या हाताने तो कुणाच्या दाराशी कधी उभा राहिला नव्हता.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," तो म्हणाला. "त्यात तुझं काहीच भलं नाही. माझ्या काळजाला ठिगळ आहे, मी घोरतो, आणि शिकारीच्या आठवड्यात माझा काही उपयोग नसतो. पण मला तू आवडतेस. दिवसभर काही झालं की हे मार्लिसला सांगायला पाहिजे असं मला वाटतं, आणि मग शुक्रवार यायची वाट बघावी लागते. मला ती वाट बघायची नाही. एवढंच आहे. दुसरं काही नाही."

मार्लिस बोलली तेव्हा आवाज शाळेच्या स्वयंपाकघरातला नव्हता.

"तुला एक सांगते. साठीच्या आत मी लग्न केलं तर विधवेला नवऱ्याच्या नावावर मिळतं ते रोलीचं सरकारी पेन्शन मला मिळायचं नाही. साठीनंतर केलं तर मिळेल. मला अजून दोन वर्षं आहेत."

ऑरिनला हे ठाऊक नव्हतं. त्याने हळूहळू मान डोलावली. ते बरोबरच होतं, सात वर्षं काढली होती तिने, ते तिच्या हक्काचं होतं.

"मग थांबू," तो म्हणाला. "दोन वर्षं काय, निघून जातील. मी आहे इथेच."

"थांबू असं मी म्हटलं का?" मार्लिस म्हणाली. "तुझ्यापायी माझं काय जाणार आहे ते तुला माहीत असावं, म्हणून सांगितलं. आता आत ये."